मेणाखालचा हात

जवळ या. अजून थोडं जवळ. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं तुम्ही म्हणाल. ही तशी नाही. ही भर उन्हातली आहे, डोळे दिपतील अशा लख्ख उजेडातली. आणि खरी आहे. देवाला स्मरून सांगतो, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती होविता, माझी सख्खी आत्या. तिनं मला हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकाच जागी येऊन ती थांबली.

ती जागा आली की मीही थोडा थांबेन. सांभाळून घ्या.

आमचं गाव उयुनी, बोलिव्हियातलं. सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. कार्निव्हलचा सण होऊन नऊ दिवस झाले होते. गुरुवार होता.

आत्याचं गाड्या धुण्याचं आवार गावाच्या टोकाला आहे. पांढऱ्या मिठाच्या मैदानावरून पर्यटक फिरवून आलेल्या जीपगाड्या घरी जात नाहीत, आधी आत्याच्या दारात येतात. मीठ रात्रभर अंगावर राहिलं की पत्रा गेलाच म्हणून समजा. आत्या कंबरेला रबरी एप्रन बांधते, दोन्ही वेण्या पाठीमागे गाठ मारून टाकते आणि पाइप घेऊन आधी गाडीच्या पोटाखाली शिरते. मग चाकं. मग दारांच्या फटी. मग साबण, पुन्हा पाणी, कोरडं फडकं... आणि सगळ्यात शेवटी मेण.

त्या मेणाबाबत तिचा एक नियम होता. नवा ड्रायव्हर आला की त्याचा हात धरून ती पत्र्यावरून फिरवायची. आमच्याकडे बाईला मानानं दोन्या म्हणतात, तसे सगळे तिला म्हणायचे.

"खरखरीत लागतंय?"

"थोडंसं लागतंय, दोन्या होविता."

"मग डबा बंद. मेणाखाली मीठ राहिलं ना, तर वरून चकचकीत दिसतं आणि आतून खात जातं. कळलं का, राजा?"

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण आत्यानंच तो नियम एकदा मोडला.

सेव्हेरो तिचा धाकटा भाऊ, माझा काका. सोळा वर्षांनी धाकटा. त्याला जन्म देऊन आजी गेली आणि आत्यानं त्याला पाठीवरच्या रंगीत झोळीत बांधून वाढवला. पाठीवर भाऊ आणि हातात पाइप, असं तिचं तरुणपण गेलं. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःची जीप घेतली. डाळिंबी रंगाची. आणि त्या रंगावर तो वेडा झाला. दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की तो आवारात यायचा आणि जुन्या फ्लॅनेलच्या फडक्यानं तिला मेण चोळत बसायचा, गोल गोल, हळूहळू, तासन् तास.

"काय सेव्हेरो, बायकोला आंघोळ घातलीस का?" बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे.

"घातली. आता पावडर लावतोय. तुम्ही तोंडं फिरवा, लाजते ती."

"अरे, खरंखुरं लग्न कधी करणार?" आत्या विचारायची.

"झालंय की, ताई. ही काय उभी आहे."

त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं होतं. इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात सापडून तुटलेलं. त्याच हातानं तो गाडीत बसायच्या आधी दाराला तीन थापा मारायचा. थप, थप, थप. घोड्याच्या मानेवर मारतात तशा. मगच दार उघडायचा.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस फार झाला. मिठाच्या मैदानावर वीतभर पाणी साचलं. मैदानाच्या मधोमध असलेल्या बेटाकडचा रस्ता गाड्यांना खुला आहे का, ते बघायला सेव्हेरो एकटाच पुढे गेला.

परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी सापडला. गाडीपासून चार किलोमीटरवर, वीतभर पाण्यात पालथा. खारं पाणी तारांत शिरून गाडी बंद पडली असावी, वाट बघून तो चालत निघाला असावा, असं सगळे म्हणाले. चारही बाजूंनी आभाळ, खालीही आभाळ. दिशा कळली नसेल. तो गावाकडे नाही, मावळतीकडे चालत गेला होता.

पण एक गोष्ट कुणालाच उलगडली नाही. आत्याचा नवरा दामिआन त्या शोधायला गेलेल्यांत होता. त्यानं गाडीत बसून नुसती किल्ली फिरवली...

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

आणि तिच्या दारावर, काचेच्या खाली, एक हात उमटला होता. खाऱ्या पाण्यानं ओला झालेला हात दाराला टेकवलेला, आणि वाळून पांढरा झालेला. मिठाचा हात. चार बोटं पुरी.

एक अर्धं.

आमच्याकडे माणूस गेल्याच्या आठव्या दिवशी त्याचे कपडे ओढ्यावर नेऊन धुतात. सगळे. एक मोजाही ठेवायचा नाही. त्याच्या अंगाची आठवण पाण्याबरोबर गेली की जीव मोकळा होतो आणि वाटेला लागतो. सेव्हेरोचे कपडे धुवायला आमच्या दोन्या आसुंता पुढे होत्या. गावातलं कुठलंही मरण त्यांच्या हातून मार्गी लागतं. शेवटचा सदरा पिळून झाला आणि त्या आत्याला म्हणाल्या, "पोरी, तो सदऱ्यात कमी आणि त्या गाडीत जास्त राहिला. तीही आजच धू. काही ठेवू नकोस."

आत्यानं गाडी धुतली. पोटाखालून, चाकांतून, फटीफटींतून. रडत धुतली. आणि दारापाशी आली.

पाइप हातात होता. नुसतं बोट दाबायचं होतं.

तिला ते जमलं नाही.

तो हात तिनं लहानपणी हजार वेळा धुतला होता. आता धुतला की संपलं. पुन्हा कधीच नाही. तिनं पाइप खाली ठेवला. सेव्हेरोचंच फडकं घेतलं, त्याचाच मेणाचा डबा उघडला. श्वास रोखून, फुंकर घालावी इतक्या हलक्या हातानं, तिनं त्या मिठाच्या हातावर मेण बसवलं. एक थर. दुसरा थर. काचेत ठेवल्यासारखा हात मेणाच्या आत राहिला.

"सगळं धुतलंस?" संध्याकाळी आसुंताबाईंनी विचारलं.

"सगळं."

आत्या आयुष्यात तेवढंच एक खोटं बोलली असेल.

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्या गाड्यांना कागदी फुलं, फिती बांधल्या, चाकांवर दारू शिंपडली, धरणीमातेला पहिला घोट दिला. सेव्हेरोच्या गाडीलाही बांधल्या. त्याच दिवसापासून दामिआन ती चालवायला लागला. दामिआन जाडजूड, सतत कुरकुरणारा, पण मनानं लोणी. दार उघडताना तो त्या हाताकडे बघायचा नाही. बायकोला त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाही.

दुसऱ्याच दिवशी मात्र जेवताना त्यानं चमचा थांबवला.

"होविता, मी सकाळी निघालो तेव्हा दाराशी कोण होतं?"

"कोणी नाही. मी आत होते, मका उकडत होते."

"मग थापटलं कोणी?"

"किती वेळा?"

दामिआननं चमचा खाली ठेवला. म्हणाला, "तुला माहीत आहे किती वेळा."

आत्यानं स्वतःची समजूत घातली. दामिआनही त्याला जीव लावून होता, त्याला भास होणारच.

पण मग गाडी धुताना तिला दिसलं... मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी थांबत नाही, मण्यासारखं घरंगळून जातं. सगळ्या गाडीवरून गेलं. हातावरून गेलं नाही. फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवलं, तरी तो हात ओलाच. मेण जसंच्या तसं होतं, कुठे तडा नाही, आणि ओल मेणाच्या आत होती.

तिनं बोट टेकवलं.

पत्रा उन्हानं तापला होता. तेवढी जागा बर्फासारखी गार.

शनिवारी तिनं गाडीच्या पोटाखाली हात घातला आणि बाहेर ओढून बघितला. मूठभर ओलं, करडं मीठ. असं मीठ रस्त्याच्या कडेला नसतं. खोल पाण्यातलं असतं, जिथे सेव्हेरोची गाडी सापडली तिथलं.

"दामिआन, पाण्यात घातलीस गाडी?"

"वेड लागलंय का मला? कोरड्या कडेनं गेलो नि कोरड्या कडेनं आलो."

"मग हे?"

त्यानं मिठाकडे बघितलं आणि क्रॉसची खूण केली.

"ती ओढते गं," तो हळूच म्हणाला. "स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून ठेवावं लागतं. सारखी मावळतीकडे ओढते."

त्या रात्री आत्यानं मेणबत्ती लावली आणि देवाच्या आईपुढे गुडघे टेकले. काय करायचं ते तिला कळत होतं. सकाळी उठून तो हात धुवायचा. पण सकाळी पाइप घेऊन ती दारासमोर उभी राहिली आणि पुन्हा तेच. उद्या, असं म्हणाली. सोमवारीही.

सोमवारी हात वर सरकला होता.

आधी तो काचेच्या चार बोटं खाली होता. आता बोटांची टोकं काचेच्या रबराला टेकली होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी धुवायचा. हो. पण तुमचं कुणी गेलंय का? त्याच्या हाताची शेवटची खूण तुमच्या अंगणात उभी असती तर तुम्ही काय केलं असतं? मी आत्याला कधी दोष दिला नाही.

गुरुवारी दामिआन मैदानावरच्या, मिठाच्याच विटांनी बांधलेल्या हॉटेलात गॅसची टाकी पोचवायला एकटाच निघाला. जाताना म्हणाला, "दोनपर्यंत येतो. सूप गरम ठेव, नाहीतर मी भडकेन."

दोन वाजले.

तीन वाजले.

हॉटेलवाल्यांनी रेडिओवर सांगितलं, टाकी सकाळीच मिळाली, तो अकराला निघालाय.

आत्यानं एप्रनही सोडला नाही. कोकाच्या पानांच्या चहाचा थर्मास आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला, आसुंताबाईंचा जावई रेमिहिओ याच्या जीपमध्ये चढली. "कुठे बघायचं?" त्यानं विचारलं. आत्यानं नुसतं बोट दाखवलं. मावळतीकडे.

पाणी सुरू झालं तशी रेमिहिओनं गाडी चालीच्या वेगानं घेतली. वाऱ्याचा मागमूस नव्हता. पाणी असं स्थिर की ढग खालीही तसेच, वरही तसेच. मध्ये रेघसुद्धा नाही. आणि त्या सगळ्या पांढऱ्या-निळ्यात दूर एक डाळिंबी ठिपका. जवळ जाता जाता त्याचे दोन झाले. एक सुलटी जीप, खाली पाण्यात एक उलटी.

"इथून पुढे मिठाचा थर कच्चा आहे, दोन्या. गाडी नाही जायची," रेमिहिओ म्हणाला.

आत्या उतरली. घोटाभर पाणी, हाडात शिरणारं. पन्नासेक पावलं. ती हाक मारत निघाली, "दामिआन! ए दामिआन!"

काच बंद. आत दामिआन दिसत होता. दोन्ही हातांनी कान झाकून बसलेला.

आणि मग तिची नजर खाली गेली...

इथे ती थांबते. मीही थांबतो.

...

पाण्यावर जीप होती. दाराशी कोणी नव्हतं.

पाण्यातही जीप होती, उलटी. तिच्या दाराशी एक माणूस उभा होता.

पाठमोरा. एक हात दाराला टेकवून. थंडीनं कुडकुडत असल्यासारखे त्याचे खांदे हलत होते.

पाण्यात माणूस होता. पाण्यावर नव्हता.

आत्या किंचाळली नाही. ती म्हणते, त्या घटकेला भीती वाटलीच नाही. लहानपणी तो भिजून आला की असाच उभा राहायचा, दाराला हात लावून, ती ओरडेल म्हणून आत न येता.

तिनं नजर वर उचलली ती पुन्हा त्या उलट्या जीपकडे नेली नाही. चालत दारापाशी गेली. हात आता काचेवर चढायला आला होता. ती खाली वाकली, पाणी घ्यायला, आणि ओंजळ तशीच सोडून दिली. खाऱ्या पाण्यानं मीठ कसं धुवायचं? तिनं कॅन उघडून गोडं पाणी ओतलं. ते मेणावरून घरंगळून गेलं. नखांनी खरवडलं. नखं मोडली. मेण तिनंच बसवलं होतं, दोन थर, जीव ओतून. सहजी कसं निघेल?

मेणाला ऊब लागते.

तिनं थर्मासचं झाकण फिरवलं आणि कढत चहा दारावर ओतला.

मेण पाघळलं. एप्रनच्या टोकानं ती चोळायला लागली, गोल गोल, हळूहळू, तो चोळायचा तशीच. "जा रे राजा," ती म्हणत होती. "जा आता. खोटं बोलले मी. माझ्यापायी अडकलास. जा." करंगळी गेली. मग शेजारचं बोट. मग मधलं. तळवा, अंगठा. शेवटी ते अर्धं बोट राहिलं. त्यावर तिनं कपाळ टेकवलं. मग तेही पुसलं.

मीठ गेलं. पण मिठानं आतून काम केलं होतं. डाळिंबी रंग खाऊन टाकला होता आणि खाली उघडा पत्रा होता. हाताच्या आकाराचा. अर्ध्या बोटासकट.

मग... तिच्या कानाशी, अगदी शेजारी...

थप.

थप.

थप.

तिनं डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा पाण्यावर एक वलय उठलं होतं, गाडीपासून हातभरावर. मग पुढे दुसरं. मग आणखी पुढे. माणूस पावलं टाकत जावा तशी वलयं लांब लांब जात होती. वारा नव्हता. पाऊस नव्हता.

पन्नास पावलांवरून रेमिहिओनंही ती बघितली. आजही विचारलं तर तो विषय बदलतो.

दामिआननं दार उघडलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.

गावात पोचल्यावर आत्यानं त्याला चुलीपाशी बसवलं. सूप पुढे ठेवलं तेव्हा म्हणाला, "साडेतीन तास, होविता. तो गाडीभोवती फिरत होता. थापटत होता."

"काय म्हणत होता?"

"म्हणत होता, दाजी, उघडा ना. गार पडलोय. आत घ्या." दामिआन रडायला लागला. "मी उघडलं नाही गं. मी कान झाकले."

झालं. एवढीच गोष्ट. दामिआन वाचला, आजही कुरकुरतो. आसुंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आत्याला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, उशिरा का होईना, धुतलंस, तो सुटला. फादरही तेच म्हणाले. त्याच्या नावाची मिसा झाली, गावानं गाणी म्हटली.

पण आत्याला झोप लागत नाही.

कारण ती वलयं तिनं शेवटपर्यंत बघितली होती. ती गावाकडे आली नाहीत. वरही कुठे गेली नाहीत. ती मावळतीकडे गेली, सरळ, जिकडे तो आधीही चुकून गेला होता.

"मी त्याला सोडवलं की पुन्हा गाडीतून खाली उतरवलं रे?" ती मला विचारते. "तो आत घ्या म्हणत होता. मी पुसून टाकला. आणि माझ्याशी तो एक शब्दही बोलला नाही. ताई म्हणालासुद्धा नाही."

ती जीप अजून आवारात उभी आहे. विकली नाही, मैदानावर नेली नाही. आत्या रोज सकाळी तिला गोड्या पाण्यानं धुते. मेण लावत नाही. संध्याकाळी सगळ्या गाड्यांना कुलपं लागतात, तिला मात्र नाही. ड्रायव्हरकडचं दार नुसतं लोटलेलं असतं, आणि आत सीटवर एक लोकरीचं पांघरूण घडी करून ठेवलेलं.

वर्षातून एखाद्या सकाळी, पावसाळ्यात, त्या पांघरुणाची घडी मोडलेली असते.

मी स्वतः एकदा हात लावून पाहिलं. ओलं होतं. वाळल्यावर पांढरं, कडक झालं.

तो येतो, असं समजायचं? की अजून पोचलाच नाही, असं? मला ठाऊक नाही. देवाला ठाऊक असेल.

तुम्ही एवढं ऐकलंत, आता एक मागणं. आज दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा वाटेवरच्यांसाठी दोन शब्द बोला, आणि त्यात एक नाव घ्या. सेव्हेरो. अर्ध्या बोटाचा, डाळिंबी गाडीचा सेव्हेरो. तो मावळतीकडे चालतोय. त्याला कुणीतरी गावाकडून हाक मारायला हवी.